संध्या आली की सांगेन

३ एप्रिल, गुरुवार

काल बेबीला नंदुरबारला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. उपाशीपोटी साखर २१८, जेवल्यावर ३०६. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी काय खातात आणि साखर किती येते ते रोज एका वहीत लिहा, महिन्याने वही घेऊन या. बेबीला सहीपलीकडे लिहिता येत नाही, म्हणजे हे काम माझ्याच गळ्यात. असू दे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, कागद अर्धवट ठेवून कधी घरी आलो नाही.

एक नवी गोळी दिली आहे. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते म्हणे. बेबी तेव्हा आत सिस्टरकडे वजनाला गेली होती. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "या गोळीवर पाणी भरपूर लागतं, दिवसाला आठ-दहा ग्लास. खालची जागा स्वच्छ, कोरडी ठेवायला सांगा. खाज सुटली, लघवीला जळजळ झाली तर अंगावर काढायचं नाही, लगेच आणायचं. सांगाल ना त्यांना नीट?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरीच्या वयाची डॉक्टरीण, आणि समोर बसून हे असलं बोलते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

बेबीला मी गोळीचं सांगितलं, वेळ सांगितली. बाकीचं बायकांचं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, असलं बोलणं आमच्यात झालेलं नाही, आता म्हातारपणी कुठून सुरू करायचं? संध्या अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, खापरहून माहेरी येणारच आहे. आली की तिला सांगेन, ती मायला सांगेल. लेकीने मायला सांगितलेलं बरं दिसतं.

एक गोष्ट लिहायची नव्हती. पण आता वही उघडलीच आहे. येताना गाडीत, कोरीटचा फाटा गेल्यावर, बेबीने माझी बाही ओढली. "जरासी गाडी थांबाडाले सांगा ना." मी म्हणालो, "आते प्रकाशा येईच ऱ्हायनं. बठ गुपचूप." गाडीवर कंडक्टर कोण, तर भिकन. तो नोकरीत नवा असताना मीच त्याला शिकवलं की बाया सारख्या थांबा म्हणतात, एकीसाठी थांबलास की दहांसाठी थांबावं लागतं. त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने गाडी थांबवायला सांगणार? बेबी खिडकीबाहेर बघत बसली. प्रकाशाला, आमच्या गावाला, उतरली ती पिशवी पाठीमागे धरून. घरी येऊन तिने लुगडं धुतलं, तारेवर टाकलं, माझ्यासाठी चहा केला. काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

६ एप्रिल, रविवार

आजपासून शिस्त. संध्याच्या नवऱ्याने, ईश्वररावांनी, साखर मोजायचं मशीन दिवाळीत दिलं होतं ते कपाटातून काढलं. सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं: २०९.

सकाळी कारल्याचा रस अर्धा ग्लास. नाश्ता बंद, फक्त चहा, बिनसाखरेचा. दुपारी दादर ज्वारीची भाकरी एक, मेथी नाहीतर वांगं, बिनातेलाचं. रात्री अर्धी भाकरी. भात बंद, खिचडी बंद, केळी बंद, पपई तर गावात नुसती पडलेली असते, तीही बंद.

खिचडी बंद म्हटल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. "आनी तुम्हले?" मी म्हणालो, मला कुठे साखर आहे. मग रात्री तिने माझ्यासाठी खिचडी टाकली, वरून तेल घातलं, पापड भाजला आणि स्वतः अर्धी भाकरी ताटात घेऊन बसली. खाताना जरा अवघडल्यासारखं झालं. पण दोन माणसांपैकी एकाला दुखणं असलं तर दोघांनी उपाशी मरावं असं कुठे आहे?

९ एप्रिल, बुधवार

१९१. उतरते आहे.

दुसरी भानगड अशी की गोळी सुरू झाल्यापासून ती रात्री चार-चारदा उठते. संडास परसात. जानेवारीत ती तिथे घसरून पडली होती, मनगट महिनाभर सुजलेलं होतं. त्यामुळे ती उठली की मला बॅटरी घेऊन उठावं लागतं. काल चौथ्या वेळी मी जरा जोरात बोललो. म्हणालो, माणूस आहेस की नळ. पडल्या पडल्या वाटलं, असं बोलायला नको होतं.

पण नुसतं वाटून काय उपयोग, उपाय केला. आजपासून संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. दिवसाही बेतानेच. मी ड्युटीवर निघायचो तेव्हा दोन तास आधीपासून पाण्याला शिवत नसे. लांबच्या गाडीवर सात-सात तास काढले, कधी गाडी थांबवली नाही. शरीराला लावाल ती सवय लागते. डॉक्टरीणबाईंनी पाणी भरपूर म्हटलं होतं हे लक्षात आहे, पण त्यांना काय माहीत आमचं परस, आमची पायरी. परत पडून खुबा मोडला म्हणजे? संध्या आली की या पाण्याचंही तिच्याशी बोलून घेऊ.

बेबीने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं." तिचं हे एक चांगलं आहे.

१४ एप्रिल, सोमवार

१५८.

रात्री एकदाच उठली. कंडक्टरचा उपाय डॉक्टरच्या उपायाला भारी पडला म्हणायचा. पारावर चारचौघांना सांगितलं तर म्हणाले, हिंमतराव, तुम्ही आता दवाखानाच काढा. मी हसलो, पण आतून बरं वाटलं.

ऊन फार आहे. तापीच्या पुलावर दुपारी चिटपाखरू नसतं. बेबी जेवली की आडवी होते ती चारला उठते. पूर्वी दुपारी ती शेजारच्या फुलीबाईकडे पापड लाटायला जायची. विचारलं, का गं जात नाहीस? म्हणाली, बसवत नाही. उन्हाने सगळ्यांचंच असं होतं.

१९ एप्रिल, शनिवार

१३६. इतकी कमी साखर अकरा वर्षांत आली नव्हती. मशीन दोनदा लावून बघितलं.

बेबी मात्र मोरीत फार वेळ घालवते. दिवसातून तीनदा लुगडं बदलते, धुते, वाळत टाकते. बसते तीही एका कुशीवर, पाटावर नाही, गोधडीची घडी करून. मी थट्टा केली, म्हटलं लगीन ठरलंय का तुझं, इतकी नटायला लागलीस. ती हसली नाही.

फुलीबाई आली होती. दोघी चुलीपाशी काही कुजबुजत होत्या. मी गेलो तर गप्प. बायकांच्या गप्पा, मी कशाला विचारू? वाटीत काहीतरी झाकून आणलं होतं, ते परत नेलं की नाही ते बघितलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

१३३. जेवण अर्ध्यावर. "भूक नही शे." मी म्हणालो, चांगलंच आहे, भूक मेली की साखर मेली. लिहिताना आता वाटतं, हे काय बोललो.

मोरीत उग्र वास येतो. फिनाईल आणून टाकलं.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी मशीनवर २८७. बोट पुसून परत टोचलं, २९१.

माझं डोकंच फिरलं. तीन आठवडे मी तिच्या तोंडाला लगाम घालून बसलोय, स्वतः पारावर छाती फुगवून सांगतोय, आणि ही चोरून खाते. डबे उघडले. गूळ जागेवर, साखर जागेवर. मग तिच्या पदराची गाठ दिसली. सोड म्हणालो. सोडेना. मीच सोडली. आत खडीसाखरेचे पाच-सहा खडे.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. चोर म्हणालो. फुलीबाई तेवढ्यात दारात आली होती, तिच्यासमोर म्हणालो. म्हणालो, तुला मरायचं असेल तर मर, माझ्या वहीची माती कशाला करतेस. बेबी भिंतीला टेकून उभी होती आणि दोन्ही हातांनी पदराचं ते मोकळं टोक धरलं होतं.

फुलीबाई मला ओरडली. तीस वर्षांत ती माझ्याशी पदर घेतल्याशिवाय बोलली नाही, आज बोलली. "भाऊ, तिले उन्हाळी लागेल शे. पंधरा दिन व्हई गयात. मुताले बठनी का रडस ती. मीच सांगं तिले, धनानं पानी पे खडीसाखर टाकीसन, थंड पडी. तिना काय दोस?"

आणि ते धन्या-खडीसाखरेचं पाणीही पोटभर नाही. बेबी म्हणाली, एक वाटी पिते. सहाच्या आधी.

आमच्याकडे उन्हाळ्यात लघवीला आग झाली की उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-खडीसाखर घेतात. माझ्या आईनेही घेतलं, मी ड्युटीवर असताना मीही घेतलं. चूक कोणाची म्हणायची? पण फुलीबाई 'रडस' म्हणाली तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. जळजळ झाली तर अंगावर काढायचं नाही. मी कॅलेंडरकडे बघत होतो तरी ऐकू तर आलं होतं.

२७ एप्रिल, रविवार

दवाखाना रविवारी बंद. उद्या सोमवारी न्यायचं तर बसने न्यावं लागणार, आणि तिला बसता येत नाही. मंगळवारी संध्या आणि ईश्वरराव गाडी घेऊन येणारच आहेत. दोन दिवसांचा प्रश्न. गाडीतून आरामात नेऊ, संध्या बरोबर असली की डॉक्टरीणबाईंशी तीच बोलेल, मला ते सगळं तोंडाने सांगावं लागणार नाही.

शेवटचं वाक्य खोडणार होतो. खोडलं नाही.

संध्याला फोन लावला. ती म्हणाली, "बापू, माय कशी शे?" मी म्हणालो, "ठीक शे. उन्हाना तरास, बाकी काही नही." मग आंबे किती आणायचे ते बोलत राहिलो.

पाच वाजता बेबीला म्हणालो, पाणी पी जरा. तिने माझ्याकडे बघितलं. ग्लास भरला, अर्धा प्यायली. म्हणाली, "रातले उठनं पडी तं?" मी म्हणालो, पाहू. 'पी, मी उठेन' असं म्हणायला काय जात होतं माझं? जीभ वळली नाही. कालच्या बोलण्यानंतर एकदम मऊ कसं व्हायचं, हेच कळेना.

२९ एप्रिल, मंगळवार

संध्याचा फोन. सासूबाईंचं काही काम निघालं, उद्या सकाळी येते म्हणाली. "उद्या आखाजीलेच येस, चाली ना?" मी म्हणालो, चाली.

बेबी दुपारी ओकली. कंबर धरून बसते. अंग गरम लागतं, पण बाहेर त्रेचाळीस आहे, अंग गरम लागायचंच. मशीन लावलं नाही. आकडा बघायची हिंमत नव्हती हे खरं कारण.

तरीही उठून घर पुसायला निघाली. लेक येणार, आखाजी आहे. मी हातातून बादली घेतली. मीच फरशी पुसली, बऱ्याच वर्षांनी.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

नंदुरबारच्या दवाखान्यातून लिहितो आहे. वही पिशवीत आली ते बरं झालं, डॉक्टरीणबाईंनी मागितली होती.

सकाळी उठलो तेव्हा बेबी झोपलेली. उठवलं नाही. आज पितरांची घागर भरायची. नवी घागर धुतली, काठोकाठ पाणी भरलं, वर खरबूज आणि दोन आंबे ठेवले. आईच्या नावाने हात जोडले. गेलेली माणसं उन्हाळ्यात तहानलेली येतात म्हणून आखाजीला घागर भरतात. आई असताना ती भरायची, मग बेबी भरायची. आज मी पहिल्यांदा भरली आणि नीट भरली याचं मला बरं वाटलं. मागे खाटेवर काय चाललं होतं याकडे माझी पाठ होती.

वळून पाहिलं तर बेबीला हुडहुडी भरलेली. एवढ्या उन्हाळ्यात दात वाजत होते. गोधडी घातली, दुसरी घातली. कपाळ तव्यासारखं. मी हाक मारली, "संध्यानी माय." तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि ओळखलं नाही.

मला म्हणाली, "कंडक्टरभाऊ."

मी म्हणालो, अगं मी आहे.

"कंडक्टरभाऊ, जरासी गाडी थांबाडा ना. तुमना पाय पडस. मांगला सीटवर मना मालक बठेल शे, त्यासले नका सांगू."

मी म्हणालो, "थांबाडस माय. उतर." असंच म्हणालो, माय म्हणालो, ड्युटीवर म्हाताऱ्या बायांना म्हणायचो तसं. तिने मान डोलावली. मग गोधडी भिजली. तिच्या तोंडावर इतकं बरं वाटल्यासारखं आलं की मला बघवेना. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. घागर भरलेली समोर होती.

दहाला संध्या आली. तोवर मी बेबीचं लुगडं बदललं होतं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. जे शब्द मला तोंडातून काढवत नव्हते ते सगळं डोळ्यांनी बघितलं. कातडी लाल, सोललेली, जागोजाग पांढरी. हे अंग घेऊन ही बाई माझी खिचडी टाकत होती.

आंबे गाडीतच राहिले. तशीच गाडी फिरवून इथे आणलं.

२ मे, शुक्रवार

सलाईन सुरू आहे. लघवीतलं इन्फेक्शन वर मूत्रपिंडापर्यंत चढलं आणि तिथून रक्तात गेलं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अजून दोन दिवस नक्की काही सांगता येत नाही. ती नवी गोळी बंद केली आहे, साखरेसाठी इंजेक्शन चालू आहे.

त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचू नये म्हणून मी नुसते आकडे वेगळ्या कागदावर उतरवून दिले. हा कागद अर्धवट होता. आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट कागद दिला.

३ मे, शनिवार

ताप उतरला. ओळखते आहे. देव पावला म्हणायचं तर देवाने कोणाचं बघून पावावं हे कळत नाही.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. "आजी, पाणी किती पीत होतात दिवसाला?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा. मला वाटलं, आता सांगते ही. बेबी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन-चार पेला." "इतकंच? का हो?" बेबी म्हणाली, "मनाच मननं. इच्छाच नही व्हये."

संध्या चिडली. "माय, तुले काही समजस का नही? त्रेचाळीस डिगरी उन्हाया आनी तू पानी नही पेस? बापू बिचारा रोज साखर मोजी ऱ्हायना, लिखी ऱ्हायना, आनी तू अशी." बेबी नुसती हूं म्हणाली.

बापू बिचारा. मी खिडकीपाशी गेलो. बाहेर मिरचीच्या गोण्यांनी भरलेला ट्रक उभा होता, तो निघेपर्यंत बघत राहिलो. तेवढा वेळ होता माझ्याजवळ खरं सांगायला. ट्रक निघून गेला तरी मी वळलो नाही.

४ मे, रविवार

जिन्यात डॉक्टरीणबाई भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, पाण्याचं, जळजळीचं?" मी म्हणालो, "विसरलो बाई. वय झालं." त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे, मी आजींशीच बोलायला हवं होतं." आणि खाली गेल्या.

मला तिथे ओरडून सांगावंसं वाटलं की नाही बाई, एक अक्षर विसरलो नाही. या वहीत तीन एप्रिलला सगळं लिहिलेलं आहे, आठ-दहा ग्लास, आकड्यासह. विसरणारा माणूस बरा असतो. पण ओरडलो नाही. माझी चूक ती बाई स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेली आणि मी ती नेऊ दिली.

८ मे, गुरुवार

घरी आणलं. संध्या सोबत आली, भिंतीवर खाण्याचा कागद चिकटवला. दुपारी एकाऐवजी दीड भाकरी, सकाळी नाश्ता, वरण रोज, रात्री थोडी खिचडीही चालेल, भाजी जास्त घालून. माझी कारल्याची, उपाशी ठेवायची शिस्त डॉक्टरीणबाईंनी ऐकली तेव्हा कपाळाला हात लावला होता. गोळी चालू, पोट रिकामं, वर पाणी नाही. म्हणाल्या, आकडा उतरला म्हणजे माणूस बरा होतो असं नसतं.

घागर तशीच होती. खरबूज सडलं होतं, पाण्याला कोणी शिवलं नव्हतं.

संध्या जाताना मायला परत दम देऊन गेली, पाणी प्यायलीस का म्हणून रोज फोन करीन.

९ मे, शुक्रवार

आज बोललो. दुपारी, ती खाटेवर, मी खाली भिंतीला टेकून. तिच्याकडे बघून बोलता आलं नसतं म्हणून पायांकडे बघत बोललो. म्हणालो, संध्याची माय, डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भरपूर पाणी पाजा, आग झाली तर लगेच आणा. मला लाज वाटली. संध्या आली की सांगेन म्हणून ठेवलं. मी तुला सांगितलंच नाही.

मला वाटलं, रडते आहे. वर बघितलं तर रडत नव्हती. साधेपणाने म्हणाली,

"मले माहीत व्हतं."

काय माहीत होतं?

"पान्यानं. आगनं बी. वजन करी ऱ्हायनी तव्हय त्या सिस्टरनी सांगं व्हतं मले सगळं. गावनीच पोर व्हती, आपली बोलीमा सांगं."

मग प्यायली का नाहीस गं?

तिने उत्तर द्यायला वेळ लावला नाही, जणू रोजचीच गोष्ट. "पानी पीसु तं उठनं पडी. उठसु तं तुम्ही बोलशात."

आणि आग झाली तेव्हा?

"सांगती तं तुम्ही म्हनतात, पथ्य मोडं व्हई काहीतरी."

रागाने म्हणाली असती तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. राग नव्हताच. पाऊस येणार दिसतो, छत्री घेऊ, असं म्हणावं तसं म्हणाली. महिनाभर मी समजत होतो की एक निरोप पोचवायचा राहिला, तेवढीच माझी चूक. निरोप तर पहिल्याच दिवशी पोचला होता. तिच्यासमोर दोन गोष्टी होत्या, ती आग आणि मी. तिने आग पत्करली.

नंतर तीच म्हणाली, चहा टाकू का?

११ मे, रविवार

संध्याला फोन करून सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. दवाखान्यात तुझी माय माझ्यासाठी खोटं बोलली, तिला काही बोलू नको, बोलायचं ते मला बोल. ती म्हणाली, "मायले द्या फोन." दोघी कितीतरी वेळ बोलल्या. बेबी मधून मधून "जाऊ दे ना" एवढंच म्हणत होती. मला परत फोन दिला तर तो बंद झालेला होता.

१३ मे, मंगळवार

मी सांगून टाकलं, माफी मागितली, रात्री उठायला मी आहे, शंभरदा उठ, असं शपथ घालून म्हणालो. म्हटलं आता प्यायला लागेल. ती हो म्हणते. पण गेले चार दिवस बघतो आहे. मी घरात असलो की ग्लास अर्धाच भरते. पिताना माझ्याकडे एक नजर टाकते आणि ग्लास खाली ठेवते. काल मी जरा आग्रहाने म्हणालो, पूर्ण पी ना, तर घाईघाईने पिताना तिला ठसका लागला. मी काही रागाने म्हणालो नव्हतो. पण माझा आवाजच तसा असेल, एकतीस वर्षं गाडीत ओरडून झालेला.

परवा मी पारावर गेलो होतो तेव्हा मात्र माठ निम्मा रिकामा झाला होता.

म्हणून आजपासून एक ठरवलं. सकाळी आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा आणि आठ. प्रत्येक वेळी मी काहीतरी निमित्त काढून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो आणि दार ओढून घेतो. तिला सांगितलेलं नाही.

दोनच्या वेळी ओटा इतका तापलेला होता की खाली पोतं घालावं लागलं. फुलीबाईने दारातून विचारलं, "भाऊ, इतला उन्हमा बाहेर काबर बठनात?" मी म्हणालो, घरात उकडतंय. ती आपल्या घरात गेली. थोड्या वेळाने आमच्या घरातून माठावरची ताटली सरकल्याचा आवाज आला. एकदा. मी हललो नाही. थोडं थांबून परत एकदा आला. मग परसाचं दार उघडलं, आणि बऱ्याच वेळाने लागलं. बेबी परत येऊन आडवी झाली असेल असं वाटेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.